चार बोटांची कड

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊला दमयंतीबाईंचा फोन आला. "आठल्येकाका, असाल तसे या. भित्तिचित्रावर कोणीतरी नाव कोरलंय."

मी चहा अर्धा टाकून निघालो. आमचं कलासंग्रहालय माळनाक्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. शाळेच्या ग्रंथपालपदावरून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं मी तिथे बिनपगारी नोंदवह्या लिहितो. कलेतलं मला फारसं कळत नाही. वस्तू कुठून आली, कधी आली, कशी आली, एवढं नीट लिहून ठेवतो.

मधल्या दालनात संग्रहालय चालवणाऱ्या दमयंतीबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. समोर आमच्या संग्रहातली सर्वांत मोलाची वस्तू: कातळोली गावच्या देवळातलं कावीचं चित्र.

कावी म्हणजे भिंतीला चुन्याचा गिलावा करायचा, तो ओला असतानाच त्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो वाळायच्या आत अणकुचीदार हत्याराने लाल खरवडून खालचा पांढरा चुना बाहेर काढायचा. रंगवणं नाही, खरवडणं. एकदा चुना सुकला की पुसता येत नाही, सुधारताही येत नाही. कातळोलीकरांनी दोन वर्षांपूर्वी देऊळ पाडून नवं बांधलं, तेव्हा जांभ्याच्या भिंतीसकट हा तुकडा कापून आम्ही इथे आणला. पुरुषभर उंच, दोन पुरुष रुंद. शिमग्याची पालखी नाचतेय, दांड्याखाली अकरा माणसं, वर मोरांची रांग आणि सगळ्यांच्या पायाशी एक वेल. शंभराहून अधिक वर्षांचं काम. आपल्या मुलखात असं दुसरं नाही, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगतो, आणि छातीठोकपणे सांगाव्यात अशा गोष्टी माझ्याकडे फार नाहीत.

"खाली बघा. उजवा कोपरा."

मी गुडघे टेकले. वेलीच्या खाली, बोटभर उंचीची, पांढरी, स्वच्छ दोन अक्षरं होती.

गंगा.

"रविवारी लोकार्पण," दमयंतीबाई म्हणाल्या. "सगळा गाव येणार, गावकऱ्यांचं मुंबईचं मंडळ येणार. आणि हे! काल संध्याकाळी पाच वाजता मी दिवे मालवले तेव्हा काही दिसलं नव्हतं."

"दिसलं नव्हतं की नव्हतंच?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा खाली बघायला लागलो.

"काका, दर्शनाच्या आईचं नाव काय होतं, ठाऊक आहे तुम्हांला?"

ठाऊक होतं. दर्शना पाष्टे, दालनं झाडणारी, पुसणारी, पाहुण्यांना पाणी देणारी. कातळोलीचीच. तिची आई मागच्या वर्षी गेली, तेव्हा मी भेटायला गेलो होतो.

आईचं नाव गंगा होतं.

२

दर्शना जिन्याखाली बसली होती. चाळिशीची बाई, एरवी दालनभर तिचा आवाज घुमायचा.

"मी नाय ओ लिवलं काका. आयशीची शप्पत."

"आयशीचीच शपथ घेतेस?" दमयंतीबाई म्हणाल्या. "देवळाच्या दगडावर नाव घालून घ्यायची हौस असते माणसांना. पायरीवर घालतात, घंटेवर घालतात. तू भिंतीवर घातलंस."

"मॅडम, मना नाव घालायचं असतं तर घंटा नसती दिली? ह्यो मोडकातोडका कोपरा कशाला धरला असता?"

दमयंतीबाई वाईट नाहीत. हे संग्रहालय त्यांनी पंधरा वर्षं घरोघर हिंडून उभं केलं आहे. म्हणूनच त्या इतक्या भडकल्या होत्या. "विश्वस्तांना कळवलंय मी. चार वाजता पोलिसांत तक्रार द्यायची. तोवर कोणी खरं बोललं तर बरं. नाहीतर दर्शना, तुझं नाव लिहून देण्यावाचून मला गत्यंतर नाही."

दर्शना पदराचं टोक मुठीत घट्ट धरून बसली. भ्यालेला माणूस रडतो, भांडतो. ही नुसती मूठ आवळून बसली होती. मला ते आवडलं नाही.

काल दुपारनंतर मधल्या दालनात तिघंच जाऊन आली होती. दर्शना पुसायला. सानिका, चित्रांची दुरुस्ती-निगराणी करणारी संग्रहालयातली तरुण मुलगी. ती चारच्या एसटीने आंजर्ल्याला एका देवळाची भिंत बघायला गेली. आणि सखाराम मेस्त्री.

मेस्त्री सर निवृत्त चित्रकला शिक्षक. कातळोलीच्या गवंडी घराण्यातले. हे चित्र त्यांच्या पणजोबांनी केलं असं गावात सगळेच सांगतात, आणि रविवारी शाल त्यांनाच मिळायची होती.

ते अकराला आले. कोपऱ्याशी वाकले, चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी एक चमत्कारिक गोष्ट केली.

पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

३

"काल इथे होतात ना तुम्ही?" मी विचारलं.

"होतो. भाषणाचा सराव करत होतो. भिंतीसमोर बोललं की धीर येतो." त्यांचा आवाज बसला होता.

"हे नाव पाहिलंत तेव्हा?"

"नव्हतं."

"कोणी कोरलं असेल?"

"मला काय विचारता, आठल्ये? तुम्ही पुस्तकातली माणसं, तुम्हीच शोधा." चपला हातात घेऊन ते बाहेरच्या बाकावर जाऊन बसले.

मी त्यांच्यावर रागावलो नाही. ते म्हणाले ते खरंच होतं. माणसांना प्रश्न विचारणं मला जमत नाही, कागदाला विचारणं जमतं. मी कार्यालयात जाऊन चित्राची नोंदवही काढली. त्यात सानिकाने चित्र आलं तेव्हा काढलेले फोटो चिकटवलेले आहेत आणि शेजारी तिचं टिपण. भिंग घेऊन मी उजव्या कोपऱ्यावर आलो.

फोटोत नाव नव्हतं. म्हणजे दमयंतीबाई बरोबर होत्या.

मी वही मिटणार, तेवढ्यात डोळा तळाशी गेला. फोटोत चित्राच्या अगदी खाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंदीची तपकिरी पट्टी होती. टिपणात सानिकाने लिहिलं होतं: "तळाशी शेणसारवणाचे जुने थर. सध्या काढू नयेत." आणि खाली आणखी एक ओळ: "उजव्या कोपऱ्यात वेल चुकली आहे."

मी दालनात परत गेलो. डावीकडे तपकिरी पट्टी होती. मध्यावरही होती. उजव्या कोपऱ्यात हातभर लांबीची पट्टी नव्हतीच.

सकाळपासून आम्ही सगळे काय आलं ते बघत होतो. काय गेलं ते कोणी पाहिलंच नव्हतं.

४

सानिका दीड वाजता आंजर्ल्याहून परतली, पाठीवरची पिशवी न उतरवता थेट चित्रासमोर आली आणि किंचाळली. "पट्टी कोणी काढली?"

"नाव बघ आधी," दमयंतीबाई म्हणाल्या.

"नाव राहू द्या मॅडम, पट्टी! शंभर वर्षांचे थर होते ते."

"तुझ्याकडे ती बारीक सुरी असते ना?" त्यांनी विचारलं. एव्हाना त्यांना कोणाचाच भरवसा वाटत नव्हता.

सानिकाचा चेहरा लाल झाला. "मी काढली असती तर कापल्यासारखी सरळ रेघ राहिली असती. हे बघा, कशी कमानी-कमानीत गेलीय."

खरंच, उरलेल्या पट्टीची कड कमानी-कमानीची होती. एकापुढे एक, अर्धवर्तुळं. मी ती बोटाने हवेत गिरवून पाहिली. कोपरापासून हात फिरत होता. हा आकार मी कुठे पाहिला होता? पुस्तकात नव्हे. माझ्या आईच्या हातात. अंगण सारवताना तिचा हात असाच फिरायचा, आणि जमीन संपली तरी थांबायचा नाही. भिंतीवर चार बोटं चढून मग खाली यायचा. कड काढल्याशिवाय सारवण पुरं होत नाही, असं ती म्हणायची.

"सानिका," मी म्हणालो, "चुकत असेन तर सांग. सुकलेला चुना कोरला तर काय होईल?"

"टवके उडतील. कडा तुटक्या येतील, खाली भुकटी पडेल."

"भुकटी आहे का?"

ती पालथी पडली. चित्राखालच्या पांढऱ्या कापडावर तपकिरी कण होते. चुन्याचा एकही नव्हता. मग तिने भिंग अक्षरांवर धरलं, आणि एकेका रेघेवरून फिरवलं.

"कडा गोल आहेत, काका," ती शेवटी म्हणाली. "हत्याराने चुना बाजूला दाबला गेलाय. लोण्यात सुरी फिरवावी तसा. हे ओल्यात काढलंय."

"म्हणजे?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"म्हणजे चित्र काढलं त्याच दिवशी."

दमयंतीबाई हळूहळू खुर्चीवर बसल्या. "पटत नाहीय मला. कडा गोल दिसतात म्हणून मी विश्वस्तांना काय सांगू? उद्या कोणी म्हणेल, सानिकाने दर्शनाला वाचवलं. मला हातात धरता येईल असं काही द्या."

घड्याळात अडीच वाजले होते.

५

मी जिन्याखाली गेलो. दर्शनाने डबा उघडला नव्हता. मी तिच्या शेजारच्या पायरीवर बसलो. काय बोलायचं ते मनात दोनदा जुळवलं आणि तिसऱ्यांदा विसरलो.

"दर्शना, नाव तू लिहिलं नाहीस. ते मला कळलंय. पण कोपरा तू पुसलास."

तिने एकदम डोळ्यांना पदर लावला.

"गाव येणार रविवारी. म्हटलं, आपल्या देवळाची भिंत, नि खालची कड पोपडे निघून बसलीय. लोकं म्हणतील, दर्शना तितं कामाला हाय नि डोळे फुटलेत तिचे? म्हटलं, ओला हात मारावा, जरा सारखं करावं. आमी दर शिमग्याक तितं सारवत होतोच ना ओ. माज्या आयशीन सारवलंय, आजीन सारवलंय. तर हात मारला नि खपलीच आली हातात! आणि आत आयशीचं नाव." ती थांबली. "माजं काळीजच थांबलं काका. म्हटलं, आता कोण मानणार?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय सांगू? मॅडमनी हजारदा सांगितलंय, चित्राला हात लावायचा नाय. हात लावला म्हनून नोकरी गेली असती, नाव लिवलं म्हनून अब्रू. म्हटलं, दोनातलं एक तरी वाचू दे."

नोकरी आणि अब्रू यांचा असा हिशेब बाईने जिन्याखाली एकटीने केला होता, आणि मी दिवसभर भिंग घेऊन फिरत होतो.

"ती खपली कुठे टाकलीस?"

ती दचकली. "टाकीन कशी? देवळातली हाय ती. केरात कोन टाकतं?"

आवळून धरलेल्या पदराची गाठ तिने सोडली. आत वर्तमानपत्राची पुडी होती. गावी गेल्यावर नदीत सोडायची म्हणून बांधून ठेवलेली.

पुडीत तळहाताएवढे सुकलेल्या सारवणाचे तीन तुकडे होते. भाताचं तूस, शेण, माती, थरावर थर. मी एक तुकडा उलटा केला, आणि पुडी तशीच उचलून सानिकाला हाक मारली.

६

तीन वाजता आम्ही पाच जण टेबलाभोवती होतो. मेस्त्री सरांनाही मी आत बोलावलं होतं. सानिकाने तुकडे पालथे घालून एकमेकांना जुळवले आणि दिवा तिरका धरला.

भिंतीला टेकलेल्या बाजूवर, मातीत, उठावाची दोन अक्षरं होती. उलटी. साच्यातून काढल्यासारखी.

"सगळ्यांत आतला थर," सानिका म्हणाली. "पहिल्यांदा सारवलं तेव्हा ओलं शेण त्या खाचांत भरलं आणि तसंच वाळलं. त्याच्यावर मग दर शिमग्याला एकेक हात. म्हणजे नाव आधी, सारवण नंतर."

दमयंतीबाईंनी भिंग घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं. "म्हणजे दर्शनाने..."

"दर्शनाने पुसलं," मी म्हणालो. "ते चुकलंच. पण तिने ते केरात टाकलं असतं तर आपल्याकडे पुरावा राहिला नसता."

"ठीक. पण गंगा कोण?" त्या म्हणाल्या. "देणगीदार असेल. किंवा कुठल्या मजुराने गंमत केली असेल ओल्या चुन्यात."

इथे मला बोलणं भाग होतं. "सानिका, तू लिहिलंयस की उजव्या कोपऱ्यात वेल चुकली आहे."

"हो. डावीकडे शेवटचं पान सरळ खाली येतं. उजवीकडे ते उगीचच वर वळलंय."

"उगीच नाही. त्याच्या खाली नाव आहे. ज्याने वेल काढली त्याला आधीपासून ठाऊक होतं की इथे जागा सोडायची आहे. मजुराच्या गमतीसाठी कोणी वेल वळवत नाही. देणगीदाराचं नाव असतं तर ते दारावर असतं, जमिनीलगत नसतं." मी नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. "नाव चित्र काढणाऱ्याचं आहे. काढणारीचं."

मी मेस्त्री सरांकडे वळलो. हा प्रश्न विचारताना मला सर्वांत जास्त संकोच वाटला.

"सर, तुम्ही चपला का काढल्यात?"

त्यांनी खुर्ची तुकड्यांजवळ ओढली.

"पणजोबांची बहीण होती," ते म्हणाले. "गंगाआत्या. लवकर विधवा झाली, माहेरी आली. माझी आजी सांगायची, चुना मळायला, घोटायला तिलाच बसवायचे, कारण तिच्या हाताखालचा चुना आरशासारखा यायचा. आणि आजी अजून एक सांगायची. पणजोबा चित्राचं काम घ्यायचे तेव्हा गुरवाला सांगून देऊळ आतून बंद करून घ्यायचे. लोकांना वाटे, कसब कोणी चोरू नये म्हणून. आम्हीही तसंच समजत होतो."

"आत ती काढायची," दर्शना म्हणाली.

"देवळाच्या भिंतीवर विधवेचा हात त्या काळी कोणी चालवून घेतला नसता. भावाने दार लावून चालवून घेतला. आणि नाव अशा जागी घालू दिलं की पहिल्या सारवणात झाकून जाईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सकाळी अक्षरं बघितली आणि मला कळलं, म्हणून चपला काढल्या. पण रविवारची शाल, भाषण... पाठ केलं होतं हो मी. ही बाई जिन्याखाली बसली होती आणि मी बाकावर बसून राहिलो. दर्शना, तुझी माफी मागायला पाहिजे मला."

"राहू द्या मास्तर," दर्शना म्हणाली. "तुमी भाषण बदला, म्हंजे झालं."

दमयंतीबाईंनी फोन उचलला. विश्वस्तांशी त्या दोन मिनिटं बोलल्या. तक्रार नाही, एवढं आम्ही ऐकलं. मग फोन ठेवून दर्शनाकडे वळल्या.

"चित्राला हात लावायचा नाही म्हणून मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"होय मॅडम."

"पुढच्या महिन्यापासून सानिकाच्या हाताखाली बस. हात कसा लावायचा ते शिक. आणि मी सकाळी जे बोलले ते सगळ्या गावासमोर मागे घेईन."

"गावासमोर नको," दर्शना म्हणाली. "गावाला कशाला कळवायचं? हितंच घ्या." मग हसली, सकाळपासून पहिल्यांदा.

७

रविवारी कातळोलीहून तीन गाड्या भरून माणसं आली. मुंबईच्या मंडळाचे सरचिटणीस संदेश पाष्टे टोपी घालून पुढे, मागे ढोल-सनईचा खालू बाजा, आणि सगळ्यांत मागे नऊवारीतल्या, पाचवारीतल्या गावच्या बायका. बाजा दालनात वाजवायचा नाही, असं दमयंतीबाईंनी बजावलं होतं. तो वाजला. मोरांना काही झालं नाही.

मेस्त्री सरांनी शाल अंगावर घेतली नाही. सहा वाक्यांत भाषण संपवलं. सहाव्या वाक्यात गंगाआत्याचं नाव होतं, आणि ते उच्चारताना त्यांचा आवाज बसला नाही, उलट वर चढला. चित्राखालची पाटी मी आदल्या दिवशी नव्याने लिहिली होती. "कारागीर: अज्ञात" या जागी "कारागीर: गंगा मेस्त्री, कातळोली." चार शब्द. नऊ वर्षांत हजारभर नोंदी लिहिल्या, पण ही लिहिताना मी तीन कागद फाडले.

"चित्राची माहिती दर्शना पाष्टे देतील," दमयंतीबाईंनी जाहीर केलं.

तेवढ्यात मंडळाच्या लोकांना फोटो हवा झाला. पंचवीसतीस पुरुष भराभर चित्रासमोर उभे राहिले, पुढचे गुडघ्यांवर बसले. दर्शना एका कडेला ढकलली गेली आणि उजवा कोपरा पार झाकला गेला. तिने हातातला कागद छातीशी धरला. मोठ्याने बोलून कोणाला बाजूला करणं मला कधी जमलेलं नाही.

मागून एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. सावित्रीबाई, गावातल्या सर्वांत वयस्कर. तिने त्या रांगेकडे पाहिलं आणि काठी फरशीवर आपटली.

"ए संदेश! उठव रे तुझी पलटण. आमच्या बाईचं काम हाय ते, तुमची तोंडं काय आमी बघितली नाय होय?"

हशा पिकला. संदेशने टोपी सारखी केली, "उठा रे, उठा" म्हणाला, आणि पुरुष एकेक करून बाजूला झाले. मागच्या बायका पुढे आल्या. जागा मिळेल तशा जमिनीवर बसल्या, कारण नाव जमिनीलगत होतं आणि बसूनच नीट दिसत होतं.

दर्शना त्यांच्यासमोर खाली बसली. पाठ केलेलं सगळं ती विसरली असावी, कारण तिने कागद बाजूला ठेवला.

"गंगा मेस्त्री," ती म्हणाली, आणि तो जुना आवाज दालनभर घुमला. "आपल्याच वाडीतली. बगा आता, पयल्यांदा तिनं चुना कसा मळला असंल..."